वापसा आल्यावर

नगरहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, ‘‘काय काय बघितलंस?’’ किल्ला बघितला का, शिर्डीला जाऊन आलीस का, शनीला तेल घातलंस का. यातलं मी काहीही केलं नाही. चांदबिबीचा महाल तेवढा रिक्षातून लांबवर डोंगरावर दिसला, तोही रिक्षावाल्याने मान वळवून दाखवला म्हणून. मी नगरला माणसं आणायला गेले होते.

याला कारण एक शब्द. आमचं ऑफिस पुण्यात, कोथरूडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. शेतकऱ्यांच्या मोबाईलवर जाणाऱ्या छोट्या छोट्या कार्टून फिल्म आम्ही बनवतो. कांद्यावर करपा आला तर काय करावं, ठिबकच्या नळ्या कशा धुवाव्यात, असल्या. मजकूर मी लिहिते. चित्रं आणि आवाज मात्र बाहेर जातात, इतक्या लांबच्या शहरातल्या एका कंपनीकडे की तिथे मराठी वाचणारं कुणी नाही. ते मशीनकडून माझ्या मजकुराचं भाषांतर करून घेतात आणि चित्रं काढून पाठवतात. काम वेळेवर येतं, गोड बोलतात, म्हणून आमचा साहेब निखिल खूश असतो. निखिल वयाने माझ्या भाच्याएवढा आहे आणि मला ‘वैशालीताई’ म्हणतो, म्हणून मी त्याला फार बोलत नाही.

तर मी लिहिलं होतं, ‘वापसा आल्यावर पेरणी करावी.’ शहरातल्या वाचकांसाठी सांगते. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमीन आधी चिखल असते आणि शेवटी दगड होते. या दोन्हींच्या मधे काही दिवस असे येतात की माती ओली असते पण हाताला चिकटत नाही. त्या अवस्थेला वापसा म्हणतात. तेव्हाच पेरायचं असतं.

फिल्म आली. पडद्यावर एक बस थांबली. सूटबूट घातलेला एक शेतकरी चाकांची बॅग ओढत उतरला. दारात बायकोने ओवाळलं, म्हाताऱ्या आईने कानशिलांवर बोटं मोडली, आणि हा गडी तसाच सुटाबुटात शेतात जाऊन बी टाकू लागला. ‘वापसा’चं त्यांनी ‘वापस’ केलं होतं.

ऑफिसात हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ज्यांच्यासाठी फिल्म केली होती त्यांचा फोन आला, आणि निखिलचं हसू एकदम आटलं. म्हणाला, ‘‘ताई, पुढच्या वर्षभराच्या सगळ्या फिल्म मी एका मोठ्या एजन्सीला देऊन टाकतोय. लिहिण्यासकट. नाहीतर तुम्ही नेहमी म्हणता ना, लोकल माणसं घ्या? मग आणा. एक चित्रकार, एक आवाज. पण ते इथे, या ऑफिसात येऊन बसले पाहिजेत. सोमवारपर्यंत.’’

म्हणजे माणसं आली तर काम राहणार, नाही आली तर माझी वाक्यंसुद्धा कुठलं तरी मशीन लिहिणार. मी बॅग भरली.

सावेडी

स्टँडवरच्या पाट्यांवर नाव बदललंय, पण कंडक्टर अजून ‘नगर, नगर, नगर’ असंच ओरडतो. तीनदा. पुण्याला एकदाच म्हणतात, हे मी लक्षात ठेवलंय.

माळीवाड्याला उतरले आणि आधी भेळभत्ता खाल्ला. आपल्याकडे भेळेत चिंचेचं पाणी घालून तिची आमटी करतात. इथला भत्ता कोरडा, झणझणीत, वर कच्चा कांदा आणि तळलेली मिरची. मिरची खाल्ली आणि कुठल्या कामाला आले होते तेच थोडा वेळ विसरले.

चित्रकार म्हणजे प्राजक्ता औटी. तिची चित्रं मी मोबाईलवर बघितली होती. सावेडीत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर नवरा आणि लहान मुलगी यांच्यासोबत राहते. नवरा एमआयडीसीत, मुलगी शाळेत, आणि ही गॅलरीला लागून असलेल्या खोलीत टॅबलेटवर पेंग्विन काढत बसलेली. पेंग्विनांचा ढीग. परदेशातल्या कुठल्या तरी मुलांच्या ॲपसाठी.

‘‘दोन वर्षं बर्फच काढतेय,’’ ती हसून म्हणाली. ‘‘मला बर्फ फक्त फ्रिजमधला माहीत. पण त्यांचं काम बाहेर जातं, ते माझ्याकडे येतं.’’

मला गंमत वाटली. आमचं काम बाहेर जातं ते भलतीकडे, आणि भलतीकडचं बाहेर पडतं ते सावेडीत. सगळं जगच एकमेकांच्या दारात काम टाकून जातंय, आणि शेजारचा मात्र रिकामा.

मी तिला ती सुटाबुटातली फिल्म दाखवली. ती खो खो हसेल आणि आमची गट्टी जमेल, असा माझा डाव होता. तिने फिल्म बघितली. परत बघितली. हसली नाही. ‘‘ताई, ही मला पाठवता?’’ एवढंच म्हणाली.

मी पाठवली, आणि मुद्द्यावर आले. पुण्यात ये. चांगलं ऑफिस आहे, माणसं चांगली आहेत, खाली दाताचा डॉक्टर आहे.

‘‘पुण्याला मी होते ताई. लग्नाआधी. परत नाही जाणार.’’

‘‘एकदम नाही म्हणू नकोस. आधी एक चित्र काढून तर बघ. वापसा काढ.’’

ती टॅबलेट घेऊन बसली, पेन टेकवलं, आणि थांबली. मग उठून गॅलरीत गेली आणि खाली हाक मारली, ‘‘काकू! वापसा म्हणजे मातीचा गोळा होतो का नाही हो?’’

खालच्या काकू, म्हणजे घरमालकीण, कपडे वाळत घालत होत्या. ‘‘होतो की!’’ त्या म्हणाल्या. दूधवाला फाटकातून म्हणाला, ‘‘गोळा होतो, पण टाकला की फुटला पायजे.’’ ‘‘फुटला तर कसला वापसा?’’ काकू. ‘‘तुमी नेवाशाच्या, तुमची काळी जमीन. आमच्याकडं मुरमाड हाय, आमचं येगळं.’’ दूधवाला. इस्त्रीवाला मधे पडला. थोड्या वेळाने सगळी गल्ली मातीवर बोलत होती आणि प्राजक्ता कठड्यावर हनुवटी टेकून मजेत ऐकत होती.

मी कपाळाला हात लावला. ही नगरची मुलगी, हिलाही वापसा नीट ठाऊक नाही! मग लोकल आणि बाहेरचं यात फरक काय राहिला? पण संध्याकाळी, काकूंनी मला उतरायला दिलेल्या गॅलरीखालच्या रिकाम्या खोलीत चहा पिताना लक्षात आलं, की फरक त्या हाकेत आहे. त्या लांबच्या शहरातल्या मुलांना अडलं असेलच. पण गॅलरीतून हाक मारायला खाली कुणी नव्हतं.

‘‘परवा आबांकडे जाऊ,’’ प्राजक्ता म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील, पारनेरजवळ शेती करतात. ‘‘त्यांनी भुईमुगासाठी वावर ओलवलंय. वापसा तिथेच बघू आणि काढू.’’

देवळाली प्रवरा

मधल्या दिवशी आवाज शोधायला गेले. अशोकरावांचं नाव काकूंनीच सुचवलं होतं. मांडव आणि लाऊडस्पीकरचा धंदा, लग्नात माईकवर तेच बोलतात. ‘‘त्यांनी जेवायला बसा म्हटलं की जेवलेला माणूस परत बसतो,’’ असं काकू म्हणाल्या.

राहुरी सोडल्यापासून दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि रस्त्यावर उसाने भरलेले ट्रॅक्टर. प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी, आणि तीही मागच्या तिसऱ्या गावाला ऐकू जातील अशी. यात रेकॉर्डिंग कसं करायचं, या काळजीने मी अर्धी झाले. अशोकराव मात्र निवांत होते. ‘‘चला आमच्या स्टुडिओत,’’ म्हणाले, आणि मला मांडवाच्या गोडाऊनमध्ये घेऊन गेले. आत छतापर्यंत लग्नाच्या गाद्या रचलेल्या. गाद्यांच्या दोन थप्प्यांमधे माणूस मावेल एवढी फट. अशोकराव पोट आत ओढून त्या फटीत शिरले आणि मोबाईल तोंडासमोर धरला. बाहेरून ट्रॅक्टर गेला. आत काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

आवाज तर काय होता! नुसता ऐकत राहावा. अडचण एकच निघाली.

‘‘बी पेरण्याआधी जमिनीला वापसा आला आहे का ते पाहावे,’’ अशोकराव म्हणाले, ‘‘ही नम्र विनंती.’’

‘‘अशोकराव, विनंती नाहीये मजकुरात.’’

‘‘सॉरी सॉरी.’’ परत फटीत. ‘‘चिखलात पेरणीची पाभर घालू नये, ही नम्र विनंती.’’

जन्मभर माईकवर ‘कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये, ही नम्र विनंती’ म्हटलेल्या जिभेला ते वळणच पडून गेलं होतं. एकदा दात-ओठ खाऊन त्यांनी विनंती गिळली, तर वाक्य असं काही कोरडं पडलं की आम्हा दोघांनाही ते आवडलं नाही.

‘‘इनंती काढली की हुकूम सोडल्यावानी वाटतंय ओ मॅडम,’’ ते घाम पुसत म्हणाले. ‘‘शेतकऱ्याला हुकूम सोडनारे लई हायेत. आपन कशाला?’’

मी विनंती राहू दिली.

त्यांच्या आई गोडाऊनच्या दारात लसूण सोलत बसल्या होत्या. कानाने जरा कमी. त्यांनी विचारलं, ‘‘बाई कशापायी आल्यात?’’

‘‘त्येंच्या हापिसचं काम बाहेर चाललंय,’’ अशोकराव ओरडून म्हणाले.

‘‘बाहेरचं?’’ म्हातारीचे हात थांबले. ‘‘कुनाला लागलंय?’’

‘‘आगं तसलं बाहेरचं न्हाई!’’

पण तोवर आजी मीठ-मिरच्या आणायला उठल्या होत्या. मी अजिबात अडवलं नाही. त्यांनी माझ्यावरून तीनदा ओवाळून मिरच्या चुलीत टाकल्या. निखिलच्या नावाने दोन जास्त टाका, असं मी सांगितलं. त्यांनी टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला.

जेवण झाल्यावर मी पुण्याचा विषय काढला, तर अशोकरावांनी मला जिन्याच्या पायरीवर बसवून समजूत घातली, जणू नोकरी मीच मागत होते. ‘‘लगीनसराई टाकून पुन्याला? न्हाई हो. गाद्या सोडून आवाज निघायचा न्हाई माझा.’’ निघताना काकवीची बाटली मात्र हातात दिली. नकारही इथे गोड करून देतात, पण नकार तो नकारच. एसटीत बसल्यावर मला रडूच यायला लागलं. दोन माणसं आणायची होती. एकही हलत नव्हतं.

पारनेर

प्राजक्ताच्या स्कूटरवर मागे बसून पारनेरपर्यंत जाणं हे माझ्या वयाच्या बाईने करू नये. पण केलं. कालचा ऊस इकडे नव्हता, माळ सुरू झाले, मग ज्वारी. वाटेत स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरचा दुकानदार टायर काढत असताना मी बाकड्यावर बसून प्राजक्तावर चिडले.

‘‘तू नाही आलीस तर हे काम जाईल. मग काढत बस जन्मभर पेंग्विन.’’

‘‘ताई,’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘तुम्हाला लोकल माणसं हवीत, म्हणून तुम्ही इतक्या लांब आलात. आणि त्यांना पहिलं सांगता काय, तर गाव सोडा. मग मी लोकल कुठे राहिले?’’

दुकानदाराने टायर काढता काढता मान डोलावली, ती तिच्या बाजूने.

आबा वावराच्या बांधावर वाट बघत होते. उंच, वाळके, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्यांनी आम्हाला आधी हुरड्याला बसवलं. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, गरम दाणे पानात टाकायचे, सोबत लसणाची चटणी आणि दही. आपण पुण्याहून पार्टी म्हणून जातो तो हुरडा वेगळा. तिथे वाढणारा तोंडाकडे बघत नाही. आबा माझा घास संपायची वाट बघत दुसरं कणीस चोळत होते.

खाऊन झाल्यावर वावरात गेलो. आबांनी वाकून मूठभर माती उचलली, दाबली, मूठ उघडली. माती तळव्याला चिकटलेली. ‘‘अजून न्हाई,’’ म्हणाले. ‘‘तीन-चार दिस लागतील.’’

सोमवार त्याआधीच येणार होता. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून आबांना ती सुटाबुटातली फिल्म दाखवली, आणि काय चुकलंय तेही सांगितलं नाही. ओळखतात का बघू म्हटलं.

आबांनी मोबाईल लांब धरून फिल्म बघितली. ‘वापसा आल्यावर पेरणी करावी.’ बस, बॅग, ओवाळणी, बी.

‘‘बरोबर हाय की,’’ आबा म्हणाले. ‘‘मानूस घरी आल्याबिगर पेरनार कोन?’’

मी हसायला तोंड उघडलं आणि प्राजक्ताकडे बघितलं. ती ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती.

मग तिने सांगितलं. आता पेरणी ट्रॅक्टरनेच होते, पण पहिलं तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, आबा शेजाऱ्याचे बैल मागून जुन्या पाभरीनेच घेतात, आणि चाड्यातून, म्हणजे पाभरीवरच्या लाकडी वाटीतून, बी सोडायला पहिली मूठ असते घरच्या लेकीची. ती पुण्याला होती तेव्हा आबांचा फोन यायचा, ‘वापसा आलाय, कधी येतेस?’ तिला सुट्टी मिळायची नाही. आज येते, उद्या येते करता करता जमीन वाळून जायची. आबा परत पाणी द्यायचे, परत फोन करायचे.

‘‘शेवटी एकदा अशीच चाकांची बॅग घेऊन पारनेरच्या स्टँडवर उतरले,’’ ती म्हणाली. ‘‘सूट सोडला तर त्यांनी माझीच फिल्म काढलीय ताई. मी कशी हसू?’’

आबा तोवर दुसरीकडे बघत मफलर नीट करत होते.

यानंतर मी पुण्याचं नाव काढलं नाही. ‘‘चल, जेवढं दिसतंय तेवढं काढू,’’ म्हटलं. आम्ही गोठ्याच्या सावलीत बसलो. प्राजक्ताने आबांचा हात काढला, सगळ्या भेगांसकट, आणि तळव्याला चिकटलेली माती. मी तिथेच वाक्यं बदलून अशोकरावांना पाठवली. ते कुठल्याशा लग्नात होते, पण वरात यायला उशीर होता म्हणून गोडाऊनला जाऊन गाद्यांत शिरले आणि आवाज पाठवला. चित्र पारनेरचं, आवाज देवळालीचा. सावेडीच्या काकूंनी मोबाईलवर बघून सांगितलं की माती जास्त काळी दिसतेय. ती थोडी तांबूस केली. संध्याकाळी आबांच्या घरी हुलग्याची शेंगोळी खाताना फिल्म तयार झाली. म्हणजे अर्धीच तयार झाली, कारण वापशाचं चित्र काढायला वापसा आलेलाच नव्हता.

मी अर्धीच निखिलला पाठवली.

पुणे

सोमवारी मी रिकाम्या हाताने ऑफिसात शिरले. काकवीची बाटली होती तेवढीच. निखिलने सगळ्यांसमोर फिल्म लावली. एक म्हातारा हात माती उचलतो, दाबतो, उघडतो. माती चिकटलेली. आणि अशोकरावांचा तो आवाज : ‘‘अजून वापसा आलेला नाही. कृपया कुणीही घाई करू नये, ही नम्र विनंती.’’

पडदा कोरा झाला.

निखिलला हसू फुटलं. ‘‘ही विनंती शेतकऱ्याला आहे का मला?’’

‘‘दोघांनाही,’’ मी म्हटलं. ‘‘माणसं इथे येणार नाहीत निखिल. एकही नाही. पण काम तिथे होतंय, हे तू बघितलंस.’’

त्याने फिल्म परत लावली. खुर्ची मागे ढकलली. ‘‘वर्षाचं नाही सांगत. उन्हाळी हंगामाचं काम देतो त्यांना. पण ताई, एक गाद्यांत, एक गॅलरीत. तिथे बसून हे सगळं जुळवणारं आपलं कुणीतरी पाहिजे.’’ आणि तो खोलीभर बघू लागला. कुणी खिडकीबाहेर बघत होतं, कुणी कीबोर्डकडे. नगर म्हटल्यावर सगळ्यांनाच एकदम काम आठवलं.

‘‘काकूंची खालची खोली रिकामी आहे,’’ मी म्हटलं. हे मी कधी ठरवलं ते मलाच माहीत नाही. गॅलरीखाली चहा पिताना ठरलं असेल, किंवा हुरडा खाताना.

घरी सांगितलं तर आमचे हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, ‘‘म्हणजे काम बाहेर गेलं नाही, तूच गेलीस.’’ मग थोड्या वेळाने, ‘‘रविवारी मी येत जाईन. भत्ता कोरडा असतो म्हणालीस ना?’’

प्रवासाहून आल्यावर सावकाश लिहावं म्हणून मी हे लिहायला बसले होते. निम्मं झालं आणि आबांचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज.

‘‘वापसा आलाय,’’ आबा म्हणाले. ‘‘प्राजू मूठ धरून बांधावर बसलीया. म्हनती, ताई आल्याबिगर सोडनार न्हाई. कवा येताय?’’

आता एसटी सुप्याच्या पुढे आलीय आणि अक्षर हलतंय, त्याबद्दल माफ करा. पायाशी चाकांची बॅग आहे. सूट तेवढा नाही.